रीजनल क्लायमेट मॉडेलमधून गोव्यातल्या अतिवृष्टीची फ्रिक्वेन्सी काढताना: पायऱ्या, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

रीजनल क्लायमेट मॉडेलचा (एखाद्या प्रदेशाचे चौकोन पाडून तिथल्या हवामानाचा हिशेब करणाऱ्या कॉम्प्युटर मॉडेलचा) डेटा आता कुणालाही फुकट डाउनलोड करता येतो, त्यामुळे एमएस्सीच्या प्रोजेक्टपासून कन्सल्टंटच्या रिपोर्टपर्यंत सगळीकडे "गोव्यात अतिवृष्टी इतक्या टक्क्यांनी वाढणार" असे आकडे दिसायला लागलेत. यातल्या बऱ्याच आकड्यांत घोळ असतो, आणि तो मॉडेलपेक्षा कामाच्या क्रमामुळे जास्त होतो. एक मॉडेल उचललं, पणजीजवळचा ग्रिड पॉइंट (मॉडेलचा चौकोन) काढला, दर वर्षीचा सगळ्यात मोठा पाऊस सॉफ्टवेअरला दिला, शंभर वर्षांतून एकदाचा आकडा छापला, झालं काम. पुढे त्याच आकड्यावरून व्हाळावरची (ओढ्यावरची) मोरी किती रुंद ठेवायची ते ठरतं, म्हणून हे नीट व्हायला हवं.

आधीच सांगून टाकतो. पाऊस किती पडतो हे रेनगेजला विचारायचं आणि तो किती पटीने बदलेल हे मॉडेलला. खालच्या सगळ्या पायऱ्या यासाठीच आहेत.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

डाउनलोडच्या आधी कागदावर चार गोष्टी लिहा: जागा कुठली, पाऊस किती तासांचा, मर्यादा किती मिलिमीटरची, आणि कुठल्या काळाची तुलना कुठल्या काळाशी.

"फ्रिक्वेन्सी" म्हणजे नक्की काय तेही इथेच ठरवा, कारण त्याचे दोन अर्थ घेतले जातात आणि लोक ते मिसळतात. एक म्हणजे वर्षातून किती दिवस ठरावीक मर्यादेवर पाऊस होतो. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत जोरदार. दुसरा अर्थ परतीचा कालावधी, म्हणजे इतका पाऊस सरासरी किती वर्षांनी एकदा होतो. पहिल्यासाठी दिवस मोजायचे, दुसऱ्यासाठी डिस्ट्रिब्युशन, म्हणजे किती मोठा पाऊस किती शक्य हे सांगणारं गणिती सूत्र, बसवायचं. दोन्हींची पद्धत वेगळी आणि चुकाही वेगळ्या.

तासांचा मुद्दा तर सगळ्यात जास्त दुर्लक्षित. खाजनाच्या (खाडीकाठच्या खारजमिनीच्या) बांधाला आणि मानशीला (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराला) दिवसभराचा पाऊस आणि भरती एकत्र बघावी लागते, धरणाला दोन-तीन दिवसांची बेरीज लागते, शहरातल्या गटाराला मात्र एका तासात किती कोसळला तेच महत्त्वाचं. २५ किलोमीटरच्या मॉडेलच्या रोजच्या डेटातून एका तासाचा आकडा काढायला जाऊ नका.

पायरी २: आधी निरीक्षणं, मग मॉडेल

हवामान खात्याकडून दोन प्रकारचा डेटा मिळतो. एक स्टेशनचा: पणजी, मुरगाव, म्हापसा, पेडणे, साखळी, वाळपई, फोंडा, मडगाव, केपे, सांगे, काणकोण वगैरे. दुसरा ग्रिडचा, ०.२५ अंशाचा, १९०१ पासूनचा रोजचा पाऊस, जो पुण्याच्या साइटवरून उतरवता येतो. ०.२५ अंश म्हणजे आपल्याकडे साधारण २७ किलोमीटरचा चौकोन, आणि गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खं राज्य हिशेबाने पाच चौकोनांत संपतं. हे डोक्यात ठेवूनच पुढे चला.

स्टेशनचा डेटा हातात आला की लगेच मॅक्सिमम काढू नका. आधी या गोष्टी बघा:

- गहाळ दिवस शून्य म्हणून भरलेत का? जुलैमध्ये वाळपईला सलग आठ दिवस शून्य दिसले तर तो कोरडा आठवडा नसून रिकामी नोंदवही असण्याचीच शक्यता जास्त.
- रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी रीडिंग घेतलं नाही आणि दोन दिवसांचा पाऊस सोमवारी एकत्र लिहिला, असं झालंय का? असा एक खोटा मोठा आकडा पुढचं सगळं बिघडवतो.
- इंच आणि मिलिमीटर मिसळलेत का? आपल्याकडे पावसाने "शंभरी" गाठली की ती इंचांची असते, म्हणजे २,५४० मिलिमीटर. जुन्या कात्रणांतून आकडे घेत असाल तर प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहा.
- गेज एका जागेवरून दुसरीकडे हलवलंय का?

सावध: हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. २३ जुलैच्या नावावर लिहिलेला पाऊस हा २२ च्या सकाळी ८.३० ते २३ च्या सकाळी ८.३० चा असतो, म्हणजे त्यातला बराचसा आदल्या दिवशीचा. मॉडेलचा दिवस बहुतेक वेळा ग्रीनिच मध्यरात्रीपासून सुरू होतो, म्हणजे आपल्या पहाटे ५.३० पासून. वार्षिक कमाल पावसाला या तीन तासांनी फार फरक पडत नाही, पण एखाद्या घटनेची तारीख जुळवायला बसलात तर एक दिवस पुढे-मागे होतो आणि माणूस उगाच मॉडेलला नावं ठेवतो.

आणखी एक, खास आपल्या किनाऱ्यासाठी. जून ते सप्टेंबर एवढेच महिने कापून घ्यायची सवय खूप जणांना आहे. काणकोणचा पूर आला २ ऑक्टोबर २००९ ला, आणि तौक्ते वादळ गोव्याजवळून गेलं १६ मे २०२१ ला. चार महिन्यांची कात्री लावली की असल्या घटना बाहेरच जातात. सरळ जानेवारी ते डिसेंबर पूर्ण वर्ष घ्या, आपल्याकडे वर्ष कोरड्या दिवसांत बदलतं म्हणून एकच पाऊस दोन वर्षांत तुटायची भीती जवळजवळ नाही.

पायरी ३: मॉडेल निवडा, एक नव्हे, अनेक

दक्षिण आशियासाठी कॉर्डेक्सचे (रीजनल मॉडेल्सच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे) रन, म्हणजे मॉडेल चालवून मिळालेले निकाल, आहेत, जुने सुमारे ५० किलोमीटरचे आणि नवे सुमारे २५ किलोमीटरचे. रेगसीएम, रेमो, कॉस्मो अशी वेगवेगळी रीजनल मॉडेल्स, आणि प्रत्येकाला कडेने हवा-ओलावा पुरवणारं वेगळं ग्लोबल मॉडेल. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनेही रेगसीएमचे रन केलेत. गोव्यासाठी २५ किलोमीटरचेच घ्या, ५० वाल्यात सह्याद्री जवळपास सपाट होतो.

किती घ्यायची? मिळतील तेवढी. पण मोजताना नीट मोजा: एकाच ग्लोबल मॉडेलवर चालवलेले तीन रीजनल रन म्हणजे तीन स्वतंत्र मतं नव्हेत.

आता ती चूक, जी सगळ्यात जास्त दिसते आणि जिच्यामुळे चांगले प्रोजेक्ट वाया जातात. रन दोन जातीचे असतात. इव्हॅल्युएशन रन हा रीअॅनालिसिसवर (निरीक्षणांतून पुन्हा उभ्या केलेल्या भूतकाळातल्या हवामानावर) चालतो, म्हणजे कडेने खऱ्या दिवसाचं खरं हवामान आत येतं, त्यामुळे त्यातली वर्षं आणि आपली वर्षं थोडीफार जुळायला हवीत. हिस्टॉरिकल रनला मात्र ग्लोबल मॉडेल स्वतःचंच हवामान पुरवतं. त्यातलं १९९४ म्हणजे आपलं १९९४ नव्हे, त्या वर्षीचे ग्रीनहाऊस वायू तेवढे खरे, बाकी कुठल्या वर्षी पाऊस जास्त आणि कुठल्या वर्षी कमी हे सगळं मॉडेलचं आपलं आपलं. तरीही लोक हिस्टॉरिकल रन आणि पणजीचा पाऊस वर्षागणिक शेजारी ठेवून कोरिलेशन काढतात, ते येतं ०.१, आणि निष्कर्ष लिहितात की मॉडेल निकामी आहे. तिथे कोरिलेशन यायलाच नको होतं! हिस्टॉरिकल रनची तुलना फक्त तीस वर्षांच्या एकत्रित चित्राशी करायची, म्हणजे सरासरी, पर्सेंटाइल (ठरावीक टक्के दिवस ज्याच्या खाली राहतात तो आकडा), मोठ्या दिवसांची संख्या.

तपासा: तुमच्या फाइलच्या नावात ड्रायव्हिंग मॉडेल (कडेने हवामान पुरवणारं) कुठलं लिहिलंय? ईआरए-इंटरिम (हा एक रीअॅनालिसिस) असेल तर इव्हॅल्युएशन. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी ४: फाइल्सची साफसफाई

रोजचा डेटा बहुतेक पाच-पाच वर्षांच्या तुकड्यांत येतो. सीडीओने (हवामानाच्या फाइल्स हाताळायचं सॉफ्टवेअर) किंवा पायथनच्या एक्सअॅरेने जोडा, आणि जोडल्यावर दिवस मोजा. एखादा तुकडा गहाळ असतो किंवा दोनदा आलेला असतो, आणि सॉफ्टवेअर काही तक्रार करत नाही.

पावसाचं एकक असतं किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. ८६,४०० ने गुणलं की दिवसाचे मिलिमीटर मिळतात. गुणायचं राहिलं की नाही हे ओळखायला सोपी खूण आहे: वर्षभराच्या रोजच्या आकड्यांची बेरीज करा, ३,००० च्या आसपास आली तर ठीक, ०.०३५ च्या आसपास आली तर गुणाकार राहिलाय.

कॅलेंडर बघा. काही मॉडेल्सचं वर्ष ३६० दिवसांचं असतं, प्रत्येक महिना तीस दिवसांचा, काहींत लीप वर्षच नसतं. ते जबरदस्तीने ३६५ चं करायला मधले दिवस भरू नका. वार्षिक कमाल काढायला मूळ कॅलेंडर चालतं. दिवसांची संख्या मोजत असाल तर मात्र ती वर्षाच्या टक्क्यांत लिहा म्हणजे मॉडेल्सची आपसात तुलना होते.

डेटा कापताना गोव्याच्या हद्दीवर कापू नका. उत्तरेला सिंधुदुर्ग, दक्षिणेला कारवार, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला बेळगाव आत येईल एवढा मोठा तुकडा ठेवा. का ते पुढच्या पायरीत.

पायरी ५: चौकोन डोळ्यांनी बघा

मॉडेलच्या पावसाबरोबर आणखी दोन फाइल्स असतात, जमिनीची उंची आणि जमिनीचं प्रमाण. त्या उतरवाच. गोवा पूर्व-पश्चिम जेमतेम ६० किलोमीटर, म्हणजे २५ किलोमीटरच्या मॉडेलात किनारा ते घाटमाथा दोन-तीन चौकोन. पणजीला "सगळ्यात जवळचा" म्हणून सॉफ्टवेअर जो चौकोन देतं तो अर्ध्याहून जास्त समुद्र असू शकतो. सत्तरीचा म्हणून घेतलेल्या चौकोनात घाटाच्या पलीकडचं खानापूर मिसळलेलं असू शकतं, आणि बेळगावात गोव्याच्या निम्म्याहूनही कमी पाऊस पडतो, तेव्हा त्या सरासरीला काय अर्थ राहिला?

वर आणि मॉडेलातला डोंगर खऱ्यापेक्षा बुटका आणि पसरट असतो, त्यामुळे पावसाचा जोर जिथे पडायला हवा तिथून एखादा चौकोन सरकतो. म्हणून एकाच चौकोनावर विसंबू नका. आजूबाजूचे तीन गुणिले तीन चौकोन घ्या, त्यातले समुद्राचे आणि घाटापलीकडचे वेगळे काढा, आणि उरलेल्यांत उत्तर किती बदलतं ते बघा. शेजारच्या चौकोनात गेल्यावर निष्कर्षच उलटत असेल तर तो निष्कर्ष छापण्यासारखा नाही.

ग्रिड बदलायचं असेल तर, म्हणजे हवामान खात्याच्या ग्रिडशी तुलना करायची असेल तर, पावसासाठी कन्झर्वेटिव्ह रीमॅपिंग (नव्या चौकोनांतही एकूण पाऊस तेवढाच ठेवणारी पद्धत) वापरा, सीडीओत त्याला रीमॅपकॉन म्हणतात. बायलिनियरने (शेजारच्या चार बिंदूंवरून अंदाज काढणाऱ्या पद्धतीने) मोठे आकडे बोथट होतात आणि आपल्याला तर मोठेच आकडे हवेत. क्रमही महत्त्वाचा: आधी रोजचा पाऊस रीमॅप करा, मग कमाल काढा. आणि तुलना करायची नसेल तर रीमॅप करूच नका.

पायरी ६: भूतकाळ जमतोय का

वार्षिक सरासरी जुळली म्हणून खूश होऊ नका. रोज रिमझिम पाडून सुद्धा वर्षाचे ३,००० मिलिमीटर भरतात, आणि मॉडेल्सना ही खोड आहेच, पावसाचे दिवस जास्त आणि प्रत्येक दिवशी थोडा थोडा. बघायचं ते हे: ९९ वा पर्सेंटाइल कुठे येतो, ६४.५ च्या वरचे दिवस वर्षाला किती, आणि वर्षातला सगळ्यात मोठा पाऊस कुठल्या महिन्यात येतो. या शेवटच्या गोष्टीकडे कुणी बघत नाही. मॉडेलचे मोठे पाऊस मुख्यतः ऑक्टोबरात येत असतील तर आकडा जुळला तरी कारण वेगळं आहे, आणि भविष्यात त्या कारणाचं काय होईल ते मान्सूनच्या पावसाला लागू पडणार नाही.

सावध: चौकोनाची तुलना चौकोनाशी करा. गेज म्हणजे एक ठिपका, मॉडेलचा आकडा म्हणजे सहाशे-सातशे चौरस किलोमीटरची सरासरी. गेजवर २५० असताना चौकोनात १६० दिसणं यात मॉडेलची चूक असेलच असं नाही. सॅटेलाइटचा डेटा लावून बघणार असाल तर हेही लक्षात असू द्या की पश्चिम घाटातला डोंगराला अडून पडणारा पाऊस सॅटेलाइटला कमी दिसतो, कारण ते ढग बरेचदा फार उंच नसतात.

पायरी ७: बायस करेक्शन, लागेल तेवढंच

मर्यादेवरचे दिवस मोजायचे असतील तर करेक्शनशिवाय, म्हणजे मॉडेलची नेहमीची कमी-जास्तीची चूक काढून टाकल्याशिवाय, पर्याय नाही, मॉडेल मुळात कमी पाडत असेल तर २०४.५ कधी ओलांडणारच नाही. पण नुसता बदलाचा गुणांक हवा असेल तर बऱ्याच वेळा करेक्शन न करता काम भागतं, आणि तेच जास्त सुरक्षित.

करायचंच असेल तर साधं क्वांटाइल मॅपिंग (मॉडेलच्या छोट्या-मोठ्या पावसाची वाटणी निरीक्षणांच्या वाटणीशी जुळवणं) टाळा. भविष्यातला पाऊस इतिहासातल्या कमालीच्या वर गेला की काय करावं ते त्याला कळत नाही, कधी तिथेच अडकतं, कधी आकडा फुगवतं, आणि मॉडेलने दाखवलेला बदलच त्यात विकृत होतो. बदल जपणारी क्वांटाइल डेल्टा मॅपिंग वापरा. अर्धी वर्षं शिकवायला आणि अर्धी तपासायला ठेवा. ज्या वर्षांवर करेक्शन बसवलं त्याच वर्षांवर ते छान जुळतंय असं दाखवणं म्हणजे काहीच दाखवलं नाही.

पायरी ८: डिस्ट्रिब्युशन बसवा

प्रत्येक वर्षाचा कमाल पाऊस घ्या आणि जनरलाइज्ड एक्स्ट्रीम व्हॅल्यू डिस्ट्रिब्युशन (कमाल आकड्यांसाठीचं सूत्र) बसवा. तीस वर्षांसारख्या छोट्या मालिकेला एल-मोमेंट्सची (आकडे क्रमाने लावून त्यावरून सूत्र बसवायची) पद्धत जास्त स्थिर राहते. मर्यादेवरचे सगळे दिवस घ्यायची दुसरी पद्धतही चांगली, पण आपल्याकडे मुसळधार एकदा लागला की तीन-चार दिवस लागून राहतो, तो एकच स्पेल असतो, त्यातला सगळ्यात मोठा दिवस तेवढा ठेवायचा, नाहीतर एकच घटना चारदा मोजली जाते.

पायथन वापरणाऱ्यांनी हे नक्की वाचा: सायपायमध्ये (पायथनच्या गणिती लायब्ररीत) शेप पॅरामीटरचं (शेपटी किती जड ते सांगणाऱ्या आकड्याचं) चिन्ह पुस्तकात बहुधा असतं त्याच्या उलट असतं. पुस्तकातलं अधिक ०.१ तिथे उणे ०.१ दिसतं. चिन्ह उलटं वाचलं की जड शेपटीचं डिस्ट्रिब्युशन वर मर्यादा असलेलं समजून बसतो. रोजच्या पावसाला पुस्तकी चिन्हाने शेप बहुतेक शून्य ते ०.२ च्या दरम्यान येतो. ०.५ आला तर फिट चांगला झाला म्हणून पुढे जाऊ नका, पायरी २ ला परत जा आणि तो दोन दिवसांचा एकत्र लिहिलेला सोमवार शोधा.

बूटस्ट्रॅप (त्याच डेटातून पुन्हा पुन्हा वर्षं उचलून परत फिट करणं) हजार वेळा करा आणि अनिश्चिततेचा पट्टा काढा. तीस वर्षांच्या डेटातून शंभर वर्षांचा आकडा काढाल तर पट्टा इतका रुंद येईल की मधल्या आकड्याला फारसा अर्थ उरणार नाही. माझं स्पष्ट मत आहे की तीस वर्षांच्या तुकड्यातून वीस, फार तर तीस वर्षांच्या परतीपर्यंत थांबावं. शंभरचा आकडा लागणारच असेल तर शेजारच्या चौकोनांचा डेटा एकत्र करून रीजनल पद्धतीने काढा, पण शेजारी चौकोन एकाच ढगाखाली भिजतात, म्हणून नऊ चौकोन गुणिले तीस वर्षं म्हणजे २७० स्वतंत्र वर्षं असा हिशेब करू नका.

तपासा: "शंभर वर्षांतून एकदा" म्हणजे आता झाला, पुढची ९९ वर्षं सुटलो असं नाही. दर वर्षी एक टक्का शक्यता, आणि तीस वर्षांत निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. रिपोर्टमध्ये हे दुसरं वाक्यच लिहा, पंचायतीतल्या माणसालाही ते पटकन समजतं.

पायरी ९: बदल काढा आणि गेजवर लावा

प्रत्येक मॉडेलची तुलना त्याच्याच भूतकाळाशी करायची. एका मॉडेलचं भविष्य आणि गेजचा भूतकाळ अशी वजाबाकी कधीच करायची नाही. हिस्टॉरिकल रनमधला वीस वर्षांतून एकदाचा आकडा काढा, मग तोच आकडा भविष्याच्या तीस वर्षांत किती वर्षांनी एकदा येतो ते बघा. फ्रिक्वेन्सी किती पट झाली ते इथे कळतं.

गेजवर कसं लावायचं ते उदाहरणाने दाखवतो, आकडे समजण्यापुरते घेतलेत. समजा वाळपईच्या गेजवर वीस वर्षांतून एकदाचा पाऊस २५० मिलिमीटर आहे. मॉडेलच्या चौकोनात भूतकाळात १६० आणि भविष्यात १८४. गुणांक झाला १.१५. मग गेजवर २५० गुणिले १.१५, म्हणजे साधारण २८८. मॉडेलचे १८४ कुठेही थेट वापरायचे नाहीत. आणि हे ८.३० ते ८.३० च्या ठरलेल्या दिवसाचं झालं, डिझाइनला कुठलेही सलग २४ तास लागतात, त्यासाठी साधारण १.१३ ने गुणायची पद्धत आहे. हा गुणाकार एकदाच करा, दोघांनी दोन ठिकाणी केला असं पण होतं.

हेच सगळ्या मॉडेल्ससाठी करा आणि सगळे गुणांक शेजारी ठेवा. सहापैकी पाच वाढ दाखवतात, एक घट दाखवतं, असं असेल तर तसंच लिहा, नुसती सरासरी देऊन ते एक मॉडेल लपवू नका. आकडा पटण्यासारखा आहे का हे बघायला एक ढोबळ माप आहे: हवा एक अंशाने तापली की तिची वाफ धरायची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. पाऊस बरोबर तेवढाच वाढेल असा काही नियम नाही, पण दोन अंशांना ६० टक्के वाढ आली तर आधी एकक, कॅलेंडर आणि फिट परत तपासा.

पायरी १०: तासांचा पाऊस हवा असेल तर

इथे रस्ता वेगळा. सुमारे ४ किलोमीटर किंवा त्याहून बारीक ग्रिडचं मॉडेल लागतं, ज्यात गडगडाटी ढग सूत्राने भरून न काढता मॉडेल स्वतः तयार करतं. डब्ल्यूआरएफ (हे असंच एक हवामान मॉडेल) वापरणार असाल तर २७, ९, ३ किलोमीटर असे एकात एक डोमेन (मॉडेलची क्षेत्रं) ठेवा. बाहेरच्या डोमेनची पश्चिम कड अरबी समुद्रात खूप आत न्या, आपला पाऊस तिकडूनच येतो, आणि कुठलीही कड सह्याद्रीवर येऊ देऊ नका, डोंगरावर सीमा आली की तिथे खोटा पाऊस तयार होतो. सुरुवातीचा काळ आणि कडेचे चौकोन टाकून द्या. आधी २३ जुलै २०२१ चा सत्तरी-डिचोलीचा पूर आणि काणकोणचा २००९ चा पूर असे दोन वेगळ्या महिन्यांतले प्रसंग चालवून बघा, आणि दोन्ही जमले तरच लांब रनला हात घाला, कारण त्याला मशीनचे महिने जातात.

रिपोर्टच्या तक्त्यात प्रत्येक आकड्याशेजारी मॉडेल, ड्रायव्हिंग मॉडेल, सिनॅरिओ (भविष्यातल्या उत्सर्जनाचा धरलेला अंदाज), कुठली तीस वर्षं, कुठला चौकोन, करेक्शन केलं की नाही, आणि खालची-वरची मर्यादा एवढं असू द्या. पणजीसारख्या ठिकाणी खाली एक ओळ जास्तीची टाका: हा नुसता पाऊस आहे, मांडवीच्या भरतीचा हिशेब यात धरलेला नाही.